दोनशे ग्रॅमचं वचन

जून उजाडला की फोनमध्ये दोन प्रकारची चित्रं एकामागोमाग यायला लागतात. पहिलं धुक्यातल्या किल्ल्याचं. खाली रविवारची तारीख, बसचं भाडं आणि 'चहा-पोहे समाविष्ट'. दुसरं जॅकेटचं. एक माणूस जॅकेट काढतो, त्याच्याच खिशात कोंबतो, चेन ओढतो आणि संत्र्याएवढी पुरचुंडी तळहातावर ठेवून दाखवतो. मग तेच जॅकेट नळाखाली. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी त्याच्यावरून घरंगळतं. शेजारी तीन आकडे असतात: वजन दोनशे ग्रॅमच्या आत, वॉटरप्रूफ १०,०००, ब्रीदेबल १०,०००.

हा लेख या दुसऱ्या चित्राबद्दल आहे. पुस्तकाचं परीक्षण करताना आपण विचारतो की हे कोणासाठी लिहिलंय, लेखकाच्या डोळ्यांसमोर कोणता वाचक होता, काय सांगितलंय आणि काय गाळलंय. जॅकेटलाही हे प्रश्न विचारता येतात. विचारायलाही हवेत, कारण साध्या प्लास्टिकच्या रेनकोटला तीनशे रुपये पडतात आणि या पुरचुंडीला चार-पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत काहीही पडू शकतं. पहिल्या नोकरीतल्या मुलीसाठी ती रक्कम म्हणजे महिन्याचं खोलीभाडं. आणि जॅकेटवर विसंबून कोणी दिवसभर वाऱ्या-पावसात डोंगरावर राहणार असेल, तर प्रश्न पैशांच्याही पुढे जातो.

*

आधी या जॅकेटचं कुळ पाहू. 'अल्ट्रालाइट' हा शब्द अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर घडला. अपलॅशियन ट्रेल साधारण साडेतीन हजार किलोमीटरची, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सव्वाचार हजारांच्या पुढची. ही वाट सलग चालायची तर चार-पाच महिने लागतात, आणि रोज वीस-तीस किलोमीटर चालणाऱ्याच्या गुडघ्यांना प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. रे जार्डिन या चालणाऱ्याने नव्वदच्या दशकात पुस्तकं लिहून ओझं कमी करण्याचं जवळजवळ शास्त्रच केलं. अन्न, पाणी, इंधन सोडून पाठीवर दहा पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या आत सामान असेल तर तुम्ही अल्ट्रालाइट, असा संकेत पुढे रूढ झाला. ज्या बैठकीतून हे दोनशे ग्रॅमचं जॅकेट जन्माला आलं, त्याच बैठकीतले जार्डिन पावसासाठी छत्रीची शिफारस करत. जाहिरातीत ही गोष्ट कधी येत नाही.

त्यांच्याही आधी, १९५५ साली, एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई अपलॅशियन ट्रेल एकट्या चालून गेल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. आज सगळे त्यांना अल्ट्रालाइटची आद्य देवता म्हणतात आणि मग पडद्याच्या शंभरपट किमतीचं जॅकेट विकतात.

त्या वाटांवरचा पाऊसही बघायला हवा. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा मोठा भाग कॅलिफोर्नियातून जातो आणि तिथला उन्हाळा कोरडा असतो. पुढे उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात पाऊस गाठतो, पण त्याआधी आठवडेच्या आठवडे जॅकेट पिशवीच्या तळाशी पडून असतं. ते विम्यासारखं आहे. लागलं तर असावं, न लागलं तर त्याचं वजन जाणवू नये. 'पॅकेबल' या शब्दाची खरी जागा तिथे आहे. वस्तू अंगावर नसतानाच्या अवस्थेबद्दलची ती स्तुती आहे.

आता आपला रविवार घ्या. जुलैचा दुसरा आठवडा, सकाळी आठला पायथ्याच्या गावात बस थांबते ती पावसातच. संध्याकाळी पाचला बस परत निघते तीही पावसातच. या नऊ तासांत जॅकेट पिशवीत जातच नाही. ते संत्र्याएवढं होतं की कलिंगडाएवढं, याने काय फरक पडतो? वजनाचंही तेच. तुमच्या पाठीवर दोन लिटर पाणी आहे, म्हणजे दोन किलो. चारशे ग्रॅमच्या जॅकेटऐवजी दोनशेचं घेतलंत तर एका पेल्याइतकं ओझं वाचलं. ते पहिल्याच टप्प्यावर पाणी पिऊनही वाचलं असतं.

याचा अर्थ हे जॅकेट वाईट आहे असा नाही. ते दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं आहे, आणि आपल्याला त्याचं नुसतं भाषांतर विकलं जातंय.

*

आता ते आकडे. बहुतेक परीक्षणं इथे फक्त आकड्यांची तुलना करतात. दहा हजारपेक्षा वीस हजार चांगलं, बस. पण हे आकडे मोजतात कसे, हे एकदा कळलं की परीक्षणांकडे बघायची नजर बदलते.

वॉटरप्रूफचा आकडा म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची. कापडाचा तुकडा घट्ट धरायचा, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले की आकडा लिहायचा. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंतचा दाब समजा. पावसाचा थेंब इतका दाब देत नाही. दाब येतो तो बॅगेच्या पट्ट्याखाली, ओल्या कातळावर बसल्यावर, गुडघा टेकल्यावर. त्यामुळे हा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, आणि दहा हजारांच्या पुढे त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. जॅकेट गळतं ते कापडातून क्वचितच. ते गळतं शिवणीतून, चेनमधून, आणि सगळ्यात जास्त गळ्यातून आणि मनगटातून. दुकानात गेलात तर आकडा वाचण्याआधी जॅकेट उलटं करा आणि आतून प्रत्येक शिवणीवर टेप आहे का बघा. टोपीला पुढे कडक छज्जा आहे का आणि मान वळवली की टोपी मानेबरोबर वळते का, हेही बघा. या दोन गोष्टींना आकडा नाही, म्हणून त्या जाहिरातीत नाहीत.

ब्रीदेबल हा आकडा मात्र वेगळ्या जातीचा. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर गेली, हे तो सांगतो. १०,००० म्हणजे तासाला चारशेच्या वर ग्रॅम. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं तर तासाला सहाशे ग्रॅम. चढावर भरभर चालणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो. म्हणजे कागदावर हिशेब जवळपास जुळतो, आणि जाहिरात लिहिणाऱ्याला एवढंच हवं असतं.

गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. वाफ मोजायच्या चाचण्या अनेक आहेत. एकीत पाण्याची वाटी सरळ ठेवतात, एकीत उलटी. एका जपानी चाचणीत वाफ शोषून घेणारं रसायन वापरतात. म्हणजे कापडाच्या पलीकडून वाफेला कोणीतरी ओढतंय. एकाच कापडाला सरळ वाटीत लहान आणि रसायनाच्या चाचणीत कितीतरी मोठा आकडा मिळू शकतो. कंपनी कोणती चाचणी छापणार, हे सांगायला नको. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारं परीक्षण म्हणजे एकाची उंची अनवाणी आणि दुसऱ्याची टाचांच्या बुटांत मोजून निकाल देणं. तरी अशी परीक्षणं रोज निघतात, आणि खाली 'खूप उपयुक्त माहिती' अशी दाद मिळते.

*

ब्रीदेबल कापडाची मूळ कथा १९६९ ची. अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनसारख्या पदार्थाची कांडी झटक्याने ताणली आणि ती तुटायच्या ऐवजी अनेक पट लांब झाली. आत अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. त्याचा पापुद्रा कापडाला चिकटवून सत्तरच्या दशकात गोरटेक्स बाजारात आलं. जाहिरातीतलं वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे: छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान आणि वाफेच्या कणापेक्षा शेकडो पट मोठी, म्हणून पाऊस आत येत नाही आणि घाम बाहेर जातो.

एक वाक्य म्हणून ते उत्तम आहे. त्यात भूमिती खरी आहे, पण कारण नाही. दार उघडं असलं म्हणून कोणी बाहेर जात नाही, बाहेर जायला काहीतरी कारण लागतं. वाफेच्या बाबतीत हे कारण म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरक. शिवाय छिद्रांची ही कथा पुढे बदलली. सुरुवातीच्या पापुद्र्यात अंगाचं तेल आणि घाम शिरून तो गळायला लागला, म्हणून कंपनीने आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिला. त्या थराला छिद्रं नाहीत. वाफ त्यात आधी मुरते, मग पलीकडे सुटते. स्वस्त आणि हलक्या जॅकेटांपैकी बऱ्याच जॅकेटांत तर नुसता पॉलियुरेथेनचाच लेप असतो. जाहिरातीत मात्र छिद्रांतून बाहेर पडणारे छोटे बाण अजून तसेच आहेत.

आता बाष्पदाबाचा हिशेब सह्याद्रीत आणू. त्वचा साधारण ३४ अंशांवर. तिथल्या ओल्या हवेतला बाष्पदाब ५३ हेक्टोपास्कल. बाहेर ५ अंश तापमान आणि पाऊस असेल तर बाहेरचा दाब ९ च्या आसपास. फरक ४४. हा युरोपातला डोंगर झाला. जुलैत राजमाचीच्या वाटेवर तापमान २४ अंश आणि हवा बाष्पाने तुडुंब. बाहेरचाच दाब ३० च्या घरात. फरक उरला २३. वाफेला बाहेर ढकलणारं बळ तिथल्याच जॅकेटमध्ये जवळजवळ निम्म्यावर आलं. आणि आपण जास्त गरम हवेत चढत असल्यामुळे घाम मात्र जास्त. पाठीवर बॅग आहे, म्हणजे पाठीचा भाग बादच. वर तासा-दोन तासांच्या मुसळधार सरीनंतर बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं. त्याच्यावर पाण्याचा सलग पडदा बसला की वाफेची वाट आणखी अडते.

म्हणून आपल्याकडे मान्सूनमध्ये कुठलंही वॉटरप्रूफ जॅकेट घालून चढ चढणारा माणूस आतून भिजतो. तीनशेच्या रेनकोटमध्ये पंधरा मिनिटांत, वीस हजारांच्या जॅकेटमध्ये चाळीस मिनिटांत. मधली पंचवीस मिनिटं वीस हजारांत महाग वाटतात की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. काखेतल्या चेन या सगळ्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. त्या उघडल्या की हवा प्रत्यक्ष खेळते, बाष्पदाबाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. आणि अल्ट्रालाइट जॅकेटांत वजन वाचवण्यासाठी सगळ्यात आधी छाटतात त्या याच चेन.

*

मराठी मुलुखात पावसाशी जमवून घेणाऱ्या वस्तू या जाहिरातींच्या कितीतरी आधीपासून आहेत. परीक्षणात त्यांनाही शेजारी ठेवायला हवं, कारण तुलना फक्त दुकानातल्या दुकानात केली तर दुकानच जिंकतं.

इरलं घ्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर उलट्या होडीसारखं बसतं. भातलावणी करणारी बाई दिवसभर वाकलेली असते, आणि इरलं त्या वाकण्यासाठीच घडवलेलं आहे. दोन्ही हात मोकळे, पाऊस पाठीवरून वाहून जातो, पुढून आणि खालून हवा खेळती. वाफ बाहेर जाण्याचा प्रश्न त्याने सोडवला नाही, तो निर्माणच होऊ दिला नाही. पण सरळ उभं राहून कड्याच्या वाटेने जाणाऱ्याला ते निरुपयोगी. वाऱ्यात तर विचारूच नका. एका शरीरस्थितीसाठी बनवलेली ती वस्तू आहे, आणि तेवढ्यापुरती तिच्यात चूक काढायला जागा नाही.

घोंगडीची गोष्ट वेगळी. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी डोक्यावर खोळ करून घेतली की वरच्यावर पाऊस निथळतो. लोकरीच्या धाग्याचा पृष्ठभाग पाणी झटकतो, पण धागा आतून वाफ मात्र शोषतो, स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि तरी हाताला ओला लागत नाही. शोषताना थोडी ऊबही सोडतो. ती भिजते, जड होते, वास मारते, पण भिजूनही गारठू देत नाही. कोरडं ठेवण्याचं वचन घोंगडी देतच नाही. ऊब देण्याचं देते.

मग रबरी कापड आलं. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे बंगालमध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये रेनकोटचा कारखाना काढला आणि 'डकबॅक' हे नाव शाळेच्या दप्तरांपर्यंत पोचलं. ज्यांनी लहानपणी तसला रेनकोट घातलाय त्यांना आतला तो कोंदट वास अजून आठवत असेल. बाहेरचं पाणी शंभर टक्के बाहेर, आतलं शंभर टक्के आत. ब्रीदेबल जॅकेट हा या वासावरचाच उतारा होता.

इरल्याचं आणि घोंगडीचं कौतुक शहरात बसून करणं सोपं आहे, म्हणून एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. आज मावळात लावणी करणाऱ्या बहुतेक बायांच्या पाठीवर इरलं नसतं. प्लास्टिकचा कागद असतो, किंवा खताची पोती उकलून केलेली खोळ. हलकी, स्वस्त, घडी करून काखेत मारता येणारी. पॅकेबल अल्ट्रालाइट म्हणतात ते हेच. त्यांनी ते परीक्षणं वाचून निवडलेलं नाही. इरलं विणणारे हात कमी झाले आणि प्लास्टिक दहा-वीस रुपयांत मिळायला लागलं. ट्रेकला जाताना आपण त्याच बांधांवरून, त्यांच्या शेजारून जातो. त्यांच्या अंगावरचा पाऊस आणि आपल्या अंगावरचा पाऊस एकच असतो, फक्त आपण त्याच्यासाठी तिकीट काढून आलेलो असतो.

*

मग काय घ्यायचं? इतकं वाचल्यावर हा प्रश्न टाळणं बरं नव्हे, आणि परीक्षणाने निवाडा द्यायला हवाच.

सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या पावसाळी ट्रेकसाठी अल्ट्रालाइट जॅकेट घेऊ नका. इथे भिजणं अटळ आहे, म्हणून प्रश्न भिजण्याचा नाही, गारठण्याचा आहे. हा प्रश्न गंमतीचा नाही. २०-२२ अंश तापमानाला आपण थंडी म्हणत नाही, पण पाणी हवेच्या चोवीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. वर पठारावर वारा सुटलेला, अंगात चिंब सुती टी-शर्ट, सकाळच्या पोह्यांनंतर पोटात काही नाही, आणि ग्रुपमधलं कोणीतरी मागे राहिलंय म्हणून सगळे तासभर उघड्यावर थांबलेत. अशा वेळी दातावर दात आपटायला लागतात, बोलणं अडखळतं, बोटांनी चेन लागत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की ते हायपोथर्मिया, आणि त्याला बर्फ लागत नाही. थरथरणारा माणूस अचानक थरथरायचा थांबला आणि गप्प झाला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका.

यावर उपाय स्वस्त आहेत. अंगात सुती ऐवजी पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट, जो पिळला की अर्धा वाळतो. वर साधा विंडचीटर किंवा थोडं जाड कापडाचं, काखेत चेन असलेलं जॅकेट. चढताना ते बॅगेवर, माथ्यावर वारा लागला की अंगावर. बॅगेत दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा टी-शर्ट, लोकरीची टोपी आणि एक फ्लीस. बॅगेला बाहेरून कव्हर घालण्यापेक्षा आतून जाड कचऱ्याची पिशवी लावलेली बरी. कव्हर वाऱ्याने उडतं, पिशवी उडत नाही. हे सगळं मिळून दीड-दोन हजारांत होतं.

पॉन्चो? जंगलातल्या सपाट वाटेला छान. बॅगेसकट माणूस झाकला जातो, खालून हवा मिळते. पण कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर त्याचा घोळ पायात येतो आणि पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. कड्यावरच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो. छत्रीचंही तसंच. लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या गाडीवाटेवर छत्रीइतकं सुख कशातच नाही, आणि गावातले लोक काळी लांब छत्री घेऊन निवांत पुढे निघून जातात तेव्हा आपल्या तीन-तीन थरांकडे बघून हसू येतं. खिंडीत पोचल्यावर मात्र ती उलटी होते.

आणखी एक गोष्ट जॅकेटच्या कापडाची. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. दहा डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा, वजन दहा ग्रॅम. ऐकायला सुंदर. पण आपल्या वाटा करवंदीच्या जाळ्यांतून, कारवीच्या वाळक्या काड्यांतून आणि खरखरीत बसाल्टवरून जातात. एकदा करवंदीने पकडलं की ती आधी जॅकेट सोडत नाही आणि मग जॅकेट शिवणीला सोडतं. अमेरिकेतल्या आखून-छाटून ठेवलेल्या वाटेवर हे कापड महिनोन्महिने टिकू शकतं. इथे तीस-चाळीस डेनियरच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे, आणि तेवढ्या कापडाला कोणी अल्ट्रालाइट म्हणणार नाही.

पैसे दोनशे ग्रॅमच्या जॅकेटवर खर्च करायचेच असतील तर ते हिमालयासाठी करा. जूनमधला हम्पता, ऑगस्टमधला काश्मीरचा सरोवरांचा ट्रेक. आठवडाभर पाठीवर सामान, बहुतेक दिवस कोरडे, पण दुपारी दोनला ढग भरून येतात आणि अर्ध्या तासात पाच अंशांवर गारांचा मारा. तिथे बाष्पदाबाचा हिशेब जॅकेटच्या बाजूने आहे, वजनाचा हिशेब खरा आहे, आणि पिशवीच्या तळाशी ते संत्र्याएवढं पडून राहण्यात काही अर्थ आहे. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसातही त्याची जागा आहे: सकाळी ऊन, संध्याकाळी वीज.

*

शेवटी घरंगळणाऱ्या थेंबाकडे वळू, कारण जाहिरातीतला तोच खरा नायक. अळवाच्या पानावर मेणाचा अतिसूक्ष्म खडबडीत थर असतो, म्हणून थेंब पानाला चिकटत नाही. जॅकेटवर हेच काम रसायनाचा लेप करतो. अनेक वर्षं तो फ्लोरिनयुक्त रसायनांचा होता, ज्यांना पीएफएएस म्हणतात. निसर्गात ती जवळजवळ मोडतच नाहीत. पाण्यात, मातीत, माणसांच्या रक्तात ती सापडली, आणि मग कायदे आले. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कपड्यांत त्यांच्यावर बंदी घातली, अतिपावसात वापरायच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली. मोठ्या कंपन्या बाहेर पडत आहेत. गोरनेही आता फ्लोरिन नसलेला वेगळा पापुद्रा आणलाय. बाहेरचं कापडच काढून टाकलेलं, पापुद्रा उघडा असलेलं एक जॅकेटही त्यांनी काढलं होतं. त्याच्यावर पाणी खरोखरच टिकत नसे आणि वजनही अगदी कमी, पण ते बॅगेच्या पट्ट्यांखाली घालायचं नव्हतं, आणि आता ते बनत नाही.

या बदलाचा ग्राहकाशी थेट संबंध आहे. नवे लेप पाणी झटकतात, पण तेल झटकत नाहीत. मानेचं तेल, सनस्क्रीन, मडगार्ड नसलेल्या बाइकवरचा चिखल, हे सगळं त्यांच्यावर बसतं आणि तिथे थेंब पसरायला लागतो. म्हणून नवं जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. 'वॉटरप्रूफ आहे, धुतलं तर खराब होईल' हा समज उलटा आहे. सौम्य साबण, सॉफ्टनर नाही, भरपूर पाण्यात खळबळणं, आणि मग लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री किंवा ड्रायरची ऊब. त्या उबेने लेप पुन्हा जागा होतो.

दुसरा शत्रू आपलं कपाट. पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्ण हवेत हळूहळू पाण्याशी अभिक्रिया होऊन विरघटतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे फार लवकर घडतं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर जॅकेट बाहेर काढावं तर आतून चिकट, वरून पापुद्रे सुटलेले, आणि एक आंबट वास. परीक्षण लिहिणारे जॅकेट तीन महिने वापरून लिहितात, त्यामुळे हा प्रकार त्यांच्या लेखात कधीच येत नाही. आणि तो सगळ्यात आधी होतो तो ओलसर जॅकेट त्याच्याच खिशात कोंबून, पुरचुंडी करून वर्षभर माळ्यावर टाकलं की. घेतलंच असेल तर सप्टेंबर संपताना धुवा, पंख्याखाली दोन दिवस वाळवा, आणि हँगरला मोकळं टांगून ठेवा. ती छोटी पिशवी वेगळी ठेवा, फक्त प्रवासात लागेल तेव्हासाठी.